तिसरी चपाती उशिरा मिळते: लालबागच्या एका बिनपाटीच्या खानावळीबद्दल

पहिल्या दिवशी मला खानावळीच्या मावशी चिकट वाटल्या. ताटात दोन चपात्या, वाटीभर मटकीची उसळ, दुधीची भाजी, आमटी आणि लिंबाची फोड. सकाळी साडेसहापासून दारोदार रक्ताचे नमुने गोळा करत फिरलो होतो, दीड वाजला होता. दोन्ही चपात्या भाजीशी कधी संपल्या ते कळलंच नाही. तिसरी मागितली तर मावशी ताटाकडे बघून म्हणाल्या, "उसळ संपव आधी. मगे तिसरी चपाती." मी म्हटलं, मावशी, उसळ मागून खातो. त्यावर टोपावर झाकण ठेवत त्या म्हणाल्या, "पोट भरूक इलंस की अंगाक लावूक?" बाजूला जेवणारे बेस्टचे कंडक्टर मान वर न करता मला म्हणाले, "संपव रे. इथे असंच असतं."

ही जानेवारीतली गोष्ट. आता मे संपत आलाय, पाच महिन्यांचे पैसे भरून झालेत, तेव्हा लिहायचा हक्क आहे असं समजतो. या खानावळीला पाटी नाही, नाव नाही. पत्ता टाकू नकोस असं मावशींनी बजावलंय, कारण बावीस डोकी हा त्यांचा आकडा आहे आणि तेविसावं आलं की टोप बदलावा लागतो. एवढंच सांगतो की लालबाग मार्केटच्या मागे, जिथे उन्हाळाभर मसाला कांडपाच्या यंत्रांची धडधड आणि मिरचीचा ठसका असतो, तिथल्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर. खरंच गरज असलेला माणूस विचारत विचारत पोचतो. मीही तसाच पोचलो.

दर असा: दोन्ही वेळचे महिन्याला ३००० रुपये, एका वेळचे १७००, एक तारखेला आगाऊ. रविवारी रात्री बंद. म्हणजे महिन्याला साधारण ५६ जेवणं आणि एका जेवणाला पडतात ५३-५४ रुपये. मुंबईत या पैशांत बाहेर दोन वडापाव आणि एक कटिंग येतो.

माझं गाव संगमेश्वराकडे. मुंबईत राहतो ते गावकऱ्यांच्या खोलीत. कोकणातल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो: गिरण्या चालू होत्या तेव्हा एकेका गावाने मिळून चाळीत खोली घेतली, गावातून येणारा पोरगा आधी तिथे उतरायचा. आमची दहा बाय बाराची आहे. वहीत अकरा नावं, प्रत्यक्ष झोपायला सहा-सात. खोलीत गॅस पेटवायचा नाही हा गावच्या मंडळाचा जुना नियम. त्यामुळे स्वतः शिजवून खा, स्वस्त पडेल, हा सल्ला मला देऊ नका. तो मला आजवर चाळीस जणांनी दिलाय.

हातात साडेपंधरा हजार येतात. सहा हजार गावी जातात. खोलीची वर्गणी, रेल्वेचा पास, मोबाइल, आईच्या नावाने घेतलेल्या शिलाई मशीनचा हप्ता हे सगळं वजा जाता खाण्याला चार हजार उरतात. त्याच्या वर रुपया नाही. तीन हजार खानावळीला आणि वरचा एक हजार माझ्या हातात. या वरच्या हजाराची गोष्ट पुढे येईल, कारण खरी मारामारी तिथेच आहे.

याआधी वर्षभर दुसरीकडे जेवायचो. नाव घेत नाही. २४०० रुपये, भात हवा तेवढा. "हवा तेवढा" हे ऐकून मी भुललो होतो. एकदा गंमत म्हणून आठवडाभर मोजलं, तर तेरा जेवणांत नऊ वेळा बटाटा होता. कधी सुका, कधी रश्श्यात, कधी वांग्यासोबत लपवलेला, कधी कोबीत. डाळ म्हणजे हळदीचं पाणी, तळाशी चमचाभर तूर. पोट तट्ट भरायचं आणि साडेचारला पुन्हा भूक लागायची. मग वडापाव. संध्याकाळी आणखी एक वडापाव. डिसेंबरात जिने चढताना धाप लागायला लागली. आमच्या कामात लिफ्ट नसलेल्या इमारतीच जास्त नशिबी येतात. शेवटी लॅबमधल्या एका सहकारणीने माझंच रक्त काढलं. रोज पंधरा-वीस जणांना सुई टोचणारा मी, स्वतःच्या वेळी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो. हिमोग्लोबिन ११.२ आलं. पुरुषाला निदान १३ तरी हवं. बी-१२ १६८ आलं, तेही खालीच.

डॉक्टरबाईंनी विचारलं, शाकाहारी आहात का? मी सांगितलं, नाही, कोकणातला आहे. मग त्यांनी विचारलं, शेवटचा मासा कधी खाल्लात? मला आठवेना. गणपतीला गावी गेलो होतो, तेव्हा उपवासाचे दिवस सोडून दोनदा. तेव्हा लक्षात आलं की मी जातीने नाही, धर्माने नाही, पैशाने शाकाहारी झालोय. आधी मासे गेले, मग फळं गेली, मग भाजीही गेली आणि ताटात उरला बटाटा, हातात पाव.

लॅबमध्ये मोठ्या पॅकेजसोबत रंगीत आहारतक्ता फुकट देतात. त्यात ॲव्होकॅडो आहे, ऑलिव्ह ऑइल आहे, मूठभर अक्रोड आहेत. मी तो घरोघरी वाटतो. माझ्या चार हजारांत तो तक्ता एक आठवडा चालला असता आणि उरलेले तीन आठवडे उपास.

तर मावशींची खानावळ. खोली एकच, आत ओटा, वर पोटमाळा, त्यावर धान्याचे डबे. बाहेरच्या अर्ध्या भागात सतरंजी. एका वेळी सहा जण बसतात, सातवा जिन्यात उभा राहतो. दुपारची पंगत साडेबारा ते अडीच, रात्रीची आठ ते दहा. ताट स्वतः मोरीत विसळून उपडं घालायचं. मोरीच्या बाजूला पंखा लागत नाही, तिथे जागा मिळाली तर मेमध्ये आमटीपेक्षा घाम जास्त गळतो. जेवणारे म्हणजे कंडक्टर, दोन वॉर्डबॉय, एक वॉचमन, मसाल्याच्या दुकानातली तीन पोरं, स्पर्धा परीक्षेचे चार विद्यार्थी, एक निवृत्त गिरणी कामगार आजोबा, असे.

आजोबा मावशींच्या सासूबाईंच्या हातचं जेवलेत. तेव्हा गिरणीच्या पाळ्या सुटतील तशा पंगती उठायच्या. बायकामुलं गावी, एकटा गडी मुंबईत, आणि महिन्याच्या पगारावर त्याला जेवू घालणारी खानावळवाली. गिरणगाव तसं चालायचं. या बायका दुकानदाराकडून उधारीवर धान्य उचलायच्या आणि व्याजात पिचायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं ते याच कारणाने. मग १९८२ चा संप झाला आणि जेवणाराच पगार बंद झाला तेव्हा खानावळवालीने काय करायचं? आजोबा सांगतात, सासूबाईंनी सहा महिने उधार जेवू घातलं. "माझे बाकीचे अजून द्यायचेत," असं म्हणून ते हसतात. मावशी हसत नाहीत.

आता जेवणाकडे वळतो. पाच महिन्यांनी माझं मत असं की या खानावळीचा जीव उसळीत आहे. मटकी, मूग, चवळी, काळे वाटाणे, हरभरे, मसूर आलटून पालटून असतात आणि दुपारी रोज एक. आदल्या दिवशी सकाळी भिजत घालतात, रात्री फडक्यात बांधून पोटमाळ्याच्या खिळ्याला टांगतात. रात्री जेवताना वर बघितलं की उद्या काय आहे ते कळतं, कारण फडकं ठिबकत असतं आणि त्याखाली पातेलं ठेवलेलं असतं. थंडीत मोड आखूड येतात, एप्रिलमध्ये सकाळपर्यंत अर्धा इंच. फोडणीत कांदा, गोडा नाही तर मालवणी मसाला, वाटणात सुकं खोबरं कमी आणि भाजलेला कांदा जास्त, कारण खोबऱ्याचे भाव. मोड आलेले दाणे बोटांत दाबले तर मऊ, पण आकार धरून राहिलेले. सोडा घालून मेण केलेली उसळ मी वर्षभर खाल्लीय, त्यामुळे हा फरक जिभेला आधी कळतो.

मावशींना एकदा विचारलं, किती भिजवता? बावीस माणसांना पाऊण किलोच्या थोडं वर, आठशे ग्रॅम. म्हणजे माणशी कोरडी ३५-३६ ग्रॅम मटकी. त्यातून प्रथिनं सात-आठ ग्रॅम. आमटीला अर्धा किलोच्या वर तूरडाळ, त्याचे पाच. तीन चपात्या आणि मुदीएवढ्या भाताचे मिळून पंधरा. दुपारच्या एका ताटात २७-२८ ग्रॅम होतात. माझं वजन ५८ किलो. किलोला ०.८३ ग्रॅम या हिशेबाने मला दिवसाला ४८ लागतात. अर्ध्याहून जास्त एका ताटात, ५४ रुपयांत. शिवाय डाळीत जे कमी पडतं ते भात-चपातीत असतं आणि भात-चपातीत कमी पडतं ते डाळीत, त्यामुळे जोडीने खाल्लं तर दोघांची लाज राखली जाते. हे मी लॅबच्या नोकरीमुळे वाचलंय, मावशींनी कुठेच वाचलेलं नाही. त्या फक्त चपाती अडवून धरतात.

हे अडवणं मला सुरुवातीला कंजुषी वाटलं होतं, पण नीट हिशेब केला तर उलट आहे. खानावळवालीला चपाती आणि भात स्वस्त पडतो, कडधान्य महाग. धंद्याचं डोकं असतं तर उसळ अडवून भात वाढला असता. मी आधी जेवायचो तिथे नेमकं तेच व्हायचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यातही धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ नये असंच आहे. आपल्याकडे गरिबाच्या ताटात ती कुठल्या कुठे जाते, कारण पोट लवकर भरणारं तेच असतं.

लिंबाची फोड रोज. ती ताटाला शोभा म्हणून नाही. कडधान्यातलं आणि पाल्यातलं लोह अंगी लागायला आंबटातलं क जीवनसत्त्व मदत करतं, असं मला डॉक्टरबाईंनीही सांगितलं होतं. एप्रिलमध्ये लिंबू एकाएकी महागलं तेव्हा मावशींनी दोन दिवस फोड दिली नाही, आणि मी मनातल्या मनात या परीक्षणातला एक तारा कापलाही. तिसऱ्या दिवशी ताटात कैरीची फोड आली, मीठ लावलेली. तारा परत दिला.

बुधवार, शुक्रवार आणि रविवार हे मांसाहाराचे वार. बुधवारी सुका जवळा, कांदा आणि आमसूल घालून परतलेला. त्या दिवशी चाळीच्या पहिल्या मजल्यावरच कळतं. माणशी दोन-तीन चमचेच असतो, पण अख्खा सालासकट खायचा म्हणून कॅल्शियमही पोटात जातं, आणि चपातीला दुसरं काही लागत नाही. शुक्रवारी अंड्याचं कालवण, माणशी एक अंडं आणि अर्धा बटाटा. हा आठवड्यातला एकमेव बटाटा, त्यामुळे त्याच्यावर राग नाही. रविवारी दुपारी कोंबडीचे तीन तुकडे मोजून, किंवा बाजारात स्वस्त असतील तर ओले बोंबील. न खाणाऱ्यांना त्या दिवशी पिठलं नाही तर जास्तीची उसळ. एका विद्यार्थ्याची तक्रार आहे की पैसे तेवढेच आणि पिठल्यावर बोळवण. तक्रार रास्त आहे, मावशींनी ऐकून घेतली आणि पुढच्या बुधवारी पुन्हा पिठलं केलं.

आता उणं काय ते.

भाजी कमी पडते. पालेभाजी मंगळवारी आणि गुरुवारी, त्यासाठी मावशी आणि शेजारच्या ताई पहाटे दादरला जातात. पुलाखालच्या बाजारात जुड्या ढिगाने मिळतात. माझी पहिली फेरी असली तर चिंचपोकळी स्टेशनच्या जिन्यावर त्या दोघी भेटतात, डोक्यावर माठाच्या नाही तर चवळईच्या जुड्यांचं गाठोडं, त्यातून पाणी टिपकत असतं. मग बाकीचे दिवस दुधी, कोबी, भोपळा, पडवळ. चवीला वाईट नाहीत, पण वाटी लहान आहे. त्याच पोषण संस्थेच्या हिशेबाने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या हव्यात. माझ्या अंदाजाने दोन्ही वेळचं मिळून इथे दोनशेच्या आसपास पोटात जातात. मी हे मावशींना सांगितलं, आकड्यासकट. त्यांनी शांतपणे विचारलं, "भाजयेचो भाव बघलंस?" बघितला होता. त्या आठवड्यात गवार १२० रुपये किलो होती.

महिनाअखेरीची आमटी पातळ होते. २६ तारखेपासून वाटीचा तळ दिसायला लागतो आणि एक तारखेला पैसे जमा झाले की आमटी पुन्हा घट्ट. कंडक्टर म्हणतात, मला कॅलेंडर लागत नाही. यात मावशींची लबाडी नाही, आमच्यातलेच तीन-चार जण पाच तारखेनंतर पैसे देतात. पण वेळेवर देणाऱ्याने पातळ आमटी का खायची? हा माझा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही.

तेल आणि मीठ जास्त. कालवणावर तवंग असतो. मसाल्याच्या दुकानातल्या पोरांना तोच लागतो, आणि लोणचं वेगळं. वय झालेल्यांनी, रक्तदाब असलेल्यांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं. आजोबांना तवंग बाजूला सारून वाढतात, म्हणजे सांगितलं तर ऐकतात.

दही-दूध ताटात नाही. ताक हवं तर ग्लासाला दहा रुपये वेगळे. फळ तर नाहीच, पण ५४ रुपयांत फळाची अपेक्षा करणारा मी तरी नाही.

आणि खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे कापणं. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त आणि आदल्या रात्री सांगून गेलात तरच खाडा धरतात. एक-दोन दिवसांचा खाडा बुडाला. मावशी स्वतः शिमग्याला सहा दिवस आणि गणपतीला दहा दिवस गावी जातात. त्याचे पैसे कापतात का, हे मी आधी विचारलं नव्हतं. शिमग्याचे कापले नाहीत. गणपतीचे कापते म्हणाल्या. तुम्ही कुठेही महिना लावणार असाल तर हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा, मी मार्चमध्ये विचारला.

ते शिमग्याचे सहा दिवस वाईट गेले. सुट्टी नव्हती म्हणून मी मुंबईत. दोनदा शिवभोजन केंद्रावर जेवलो. २०२० च्या २६ जानेवारीला सुरू झालेली ही दहा रुपयांची थाळी: दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण, १५० ग्रॅम भात. मी गेलो तिथे बचत गटाच्या बायका वाढत होत्या, वरण गरम होतं, भाजी कोबीची. दहा रुपयांत याहून जास्त कोण देणार? अंगमेहनतीचं काम करणाऱ्याला ती पुरत नाही, पण मधली वेळ निभते. उरलेल्या दिवसांत मी पुन्हा वडापावावर आलो आणि चौथ्या दिवशी साडेचारला पोटात तोच जुना खड्डा पडला.

आता वरचा हजार. पूर्वी तो असाच उडायचा. दिवसाला दोन वडापाव धरले, वीसने एक, तरी महिन्याला बाराशे होतात. म्हणजे स्वस्तातल्या खानावळीत वाचलेले सहाशे वडापावात जायचे आणि वर आणखी सहाशे. आता खोलीत विजेची किटली आहे, त्यात मी रोज एक अंडं उकडतो. मंडळाच्या नियमात गॅस आहे, किटली नाही, यावर एका सभेत चर्चा झाली आणि मी जिंकलो. खोलीतल्या एका काकांना किटलीतल्या चहाला अंड्याचा वास येतो, तो वेगळा विषय. अंडं सात रुपये, महिन्याचे २१०. केळं रोज एक, पाच रुपयांचं, १५०. शेंगदाणे महिन्याला एक किलो, १५०, भाजून डब्यात, रोज मूठभर बॅगेत, साडेचारच्या भुकेला. दूध रोज पावशेर खोलीतल्या भागीदारीत, ३६० रुपये. झाले ८७०. उरलेल्या १३० रुपयांत कधी पेरू, हिवाळ्यात आवळे, कधी मावशींचं ताक.

हिशेब बसतो, फक्त त्यात चहा नाही. आमच्या धंद्यात चहा म्हणजे बसायची जागा. सकाळच्या फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी थांबायचं तर टपरीवरच थांबता येतं, आणि टपरीवर नुसतं उभं राहता येत नाही. कटिंग दहा रुपये. दिवसाला दोन धरले तर सहाशे. म्हणजे माझं अंडं, केळं आणि शेंगदाणे मिळून जेवढे होतात त्याहून जास्त पैसे नुसत्या चहाचे. त्यात जेवणाला लागून चहा घेतला की खाल्लेलं लोह नीट लागत नाही हेही डॉक्टरबाईंनी सांगितलेलं. मावशी जेवणानंतर चहा देत नाहीत, मागितला तरी नाही. जानेवारीत मी दिवसाला चारवर होतो, आता एकावर आलोय, तोही दहा वाजता. पण त्या एकाचे तीनशे हजारात बसत नाहीत, म्हणून महिन्याच्या शेवटी दूध बंद पडतं. हे लिहायला लाज वाटते, पण परीक्षण करायचं तर स्वतःचंही करावं लागतं.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा रक्त काढलं. हिमोग्लोबिन १३.१. डॉक्टरांनी दोन महिने लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय उसळीला देता येत नाही. बी-१२ साठी इंजेक्शनं घेतली, त्यात तर खानावळीचा काहीच हात नाही. पण गोळ्या मार्चमध्ये संपल्या आणि जिना अजून न थांबता चढतो. तो मावशींच्या खात्यावर लिहितो. मावशींना रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा नसताना कागद लांब धरून बघितला आणि विचारलं, "म्हणजे बरा ना?" मी म्हटलं, बरा. "मग बस. आज चवळी आसा."

कोणी लावावा इथे महिना? ज्याला रोज तेच वेळापत्रक, चटकदार नको, आणि वाढणाऱ्याचं ऐकून घ्यायची तयारी आहे त्याने. फक्त शाकाहारी असाल तर बुधवार-शुक्रवारचा विचार करून या. उशिरा येणाऱ्याने येऊ नये. दहाला टोप घासायला जातो, मग मावशी दार उघडतात पण चूल नाही. माझ्याकडून पाचपैकी चार. तो एक तारा भाजीच्या लहान वाटीसाठी आणि २६ तारखेनंतरच्या आमटीसाठी राखून ठेवलाय, मिळवायचा असेल तर मिळवता येईल. पावसाळ्यात पालघर-ठाण्याकडच्या आदिवासी बायका रानभाज्या घेऊन येतात, तेव्हा टाकळा आणि कुर्डू घालीन असं मावशी म्हणाल्यात. बघू.

सध्या पोटमाळ्यावर कडधान्याच्या फडक्याशेजारी सुक्या बोंबलांच्या आणि जवळ्याच्या पिशव्या लटकायला लागल्यात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, ओलं मिळेल ते महाग, म्हणून सगळी बेगमी मेमध्येच. परवा त्या पिशव्या दोन जिने वर मीच नेऊन दिल्या. वर पोचल्यावर मावशींनी पाणी दिलं आणि त्याच दमात सांगितलं की जूनपासून ३२०० होतील, तेल आणि डाळ वाढलीय. मी तिथेच सतरंजीवर बसून हिशेब मांडला. हजारातले दोनशे गेले, उरले आठशे. अंडं काढू, की शेंगदाणे काढू, की दूध अर्धं करू, असं मोठ्याने बोलत होतो. मावशी जवळा निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चाय सोड."